विमानाला सतारीच्या तारा

आमच्या घरात सगळ्यात जपलेली चीज म्हणजे आण्णांचा कान. मिरजेत सतारी-तंबोरे बनवणाऱ्या हमीदचाचांच्या कारखान्यात माझे वडील, म्हणजे आण्णा, जवारी काढायचं काम करत. सतारीच्या तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा कानशीनं हलक्या हातानं असा घासायचा, की तार छेडल्यावर ती नुसती वाजून गप्प बसता कामा नये. तिच्यातून बारीक गुंजन निघालं पाहिजे आणि ते टिकलं पाहिजे. कानशीचा एक हात जास्त पडला की सूर फाटतो, एक कमी पडला की तो मुका राहतो. कारखान्यात लाकूडकाम करणारे, भोपळे कापणारे, पॉलिश करणारे सहा-सात जण होते; पण हात कुठं थांबवायचा हे फक्त आण्णांना आणि हमीदचाचांना कळायचं. चाचांचे हात थरथरायला लागल्यापासून ते काम एकट्या आण्णांवर आलं होतं. माण तालुक्यासारख्या कोरड्या मुलखातून आलेल्या, बाप-आज्यानं मेंढरांमागं आयुष्य काढलेल्या माणसाला असा कान कुठून मिळाला, याचं लोकांना नवल वाटे. आण्णा म्हणत, "कळपात येक मेंढरू खोकललं, तर कंचं खोकललं ते न बघता कळाय पायजे की रं. तिथनंच शिकलो." आमचं सगळं घर त्या कानाच्या जिवावर चाललेलं. त्यामुळं आमच्या दारात दिवाळीला फटाका वाजला नाही, आणि थंडीत आण्णा बाहेर निघाले की आई आधी मफलर पुढं करायची आणि मग डबा. आता माझ्या घरात टीव्ही, मिक्सर आणि तीन मोबाईल एकाच वेळी ओरडत असतात आणि कुणाचंच काही बिघडत नाही.

कारखान्याच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांत आम्ही राहायचो. पत्र्यावर भोपळे वाळत पडलेले असायचे. सकाळी जाग यायची ती कानशीच्या आवाजानं, मग कुणी तरी करवत सुरू करायचं, मग पॉलिशचा वास यायचा, आणि त्या वासातच आई बाजरीची भाकरी थापायची. गाव सुटलं तरी जीभ माणचीच राहिली होती. हुलग्याचं माडगं, मिरचीचा खरडा, शेंगदाण्याचं कूट घातलेली कसलीही भाजी. आईनं फोडणी टाकली की आण्णा बाहेरच्या ओट्यावरून, हातातलं काम न सोडता ओरडायचे, "तडतडली गं मोहरी, लसूण टाक आता!" आणि आई म्हणायची, "आवं, मला बी कान हायती." ही रोजची गंमत पुढं कधी तरी बंद पडली. कधी, ते मला सांगता येणार नाही. घरात रोज होणारी गोष्ट थांबली तर ती लगेच लक्षात येत नाही, आणि मी तर तेव्हा सांगलीला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मला कॉलेज, मोबाईल आणि विमानं, एवढंच दिसत होतं.

विमानांचं वेड कॉलेजातच लागलं. एका मित्राकडं रिमोटवर उडणारं थर्मोकोलचं विमान होतं. सुट्टीच्या सकाळी मैदानावर आम्ही ते उडवत असू, पाडत असू आणि चिकटपट्टी लावून पुन्हा उडवत असू. त्यावर माझा हात बऱ्यापैकी बसला होता. मी घरी येऊन त्याचंच तुणतुणं लावायचो. आमच्या कारखान्यात सतार दुरुस्तीला टाकणारे मिरजेतले एक डॉक्टर होते. त्यांच्या कानावर ते गेलं असावं. एके दिवशी ते एक लांबलचक खोकं घेऊन आले. आत दोन मजली पंखांच्या जुन्या धाटणीच्या विमानाचे, बायप्लेनचे, सुटे भाग होते. हौसेनं आणलेलं आणि सवड न मिळाल्यानं वर्षानुवर्षं कपाटावर पडून राहिलेलं. "माझ्याच्यानं हे होत नाही," ते आण्णांना म्हणाले. "तुमचे हात आहेत, मुलाला नाद आहे. दोघं मिळून जोडा आणि उडवा. तुमचंच समजा."

त्या महिन्यात आण्णा जितके खूश होते, तितके मी त्यांना आधी कधी पाहिले नव्हते, आणि नंतरही नाही. कारखान्यातून आले की हातपाय धुऊन ते थेट चटईवर बसायचे. बाल्साची फळी त्यांनी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा ते खदखदून हसले. "आरं अंकुशा, हे लाकूड न्हवं, पापड हाय पापड! ह्येच्यावर माणूस ईमान बसवतोय व्हय?" पण त्याच पापडाच्या फासळ्या त्यांनी अशा नजाकतीनं बसवल्या, की डिंकाचा एक थेंब बाहेर दिसेना. मी पुस्तिका वाचून मराठीत सांगायचो, ते जोडायचे. मोटर, रिमोटचा रिसीव्हर, शेपटीची पाती हलवणाऱ्या छोट्या मोटरी, त्यांच्या वायरी, हे माझ्याकडं; लाकूड त्यांच्याकडं. पंखांवर केशरी फिल्म चढवायची वेळ आली तेव्हा आईची इस्त्री लागली. "माझ्या इस्त्रीला चिकटलं तर दोघास्नी बी उपाशी ठेवीन," असं म्हणत तीच पुढं बसली आणि सुरकुतलेली फिल्म तिच्या इस्त्रीखाली आवळून ढोलकीच्या पानासारखी ताठ झाली. आम्ही तिघंही एकाच कामाला बसलोय असं आमच्या घरात त्याआधी घडलं नव्हतं. माझ्या तरुणपणातले सुखाचे दिवस कुणी विचारले तर मी तेच सांगतो.

शेवटी राहिल्या तारा. बायप्लेनच्या वरच्या आणि खालच्या पंखांना एकमेकांशी बांधून ठेवायला दोन्ही बाजूंनी तिरक्या तारा लागतात. खोक्यातल्या तारा गंजून गेल्या होत्या. ताण कमी-जास्त करायचे इवलेसे पितळी स्क्रू तेवढे चांगले होते. "तारंला कशाला भ्येतोस?" म्हणून आण्णांनी कारखान्यातून सतारीची पोलादी तार आणली. पुस्तिकेत लिहिलं होतं, की डाव्या-उजव्या बाजूचा ताण अगदी सारखा ठेवावा, नाहीतर पंख पिळवटतो. मी ते वाचून दाखवलं.

"सारखा म्हंजी येका सुरात," आण्णा म्हणाले. "त्यात काय? ते आमच्याकडं सोड."

त्यांनी उजवीकडची तार आवळली, नखानं छेडली, मान तिरपी केली, स्क्रू जरासा फिरवला, पुन्हा छेडली. मग डावीकडची. हाताएवढ्या आखूड तारा त्या, आवाज अगदी बारीक, किडा ओरडावा तसा. मी शेजारीच बसलो होतो. डावीकडची तार उजवीपेक्षा चढी लागत होती. थोडीथोडकी नव्हे, चांगली चढी. मी आण्णांच्या तोंडाकडं पाहिलं. त्यांनी आणखी एकदा दोन्ही छेडल्या, डोळे मिटले आणि म्हणाले, "जुळलं."

मी पुस्तिका मिटली. ज्या माणसाच्या कानावर सगळा कारखाना चालतो त्याला मी, कालचं पोर, सूर शिकवणार होतो का? माझाच कान चुकत असेल, असं मी स्वतःला बजावलं. बरीच वर्षं मी हेच कारण देत आलो. आता या वयात ते द्यायची लाज वाटते, कारण मला ते अगदी स्वच्छ ऐकू आलं होतं. मी घाबरलो होतो, पण कशाला घाबरलो ते तेव्हा मला स्वतःशीही कबूल करायचं नव्हतं.

मिरजेत विमान उडवायला मैदानांची वाण नव्हती, पण आण्णांनी हट्ट धरला. "पयलं उडवायचं ते गावच्या माळावर." त्याचं कारण तात्या. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते, फौजेतून सुभेदार होऊन गावी परतलेले. धाकट्या भावानं गाव सोडून वाद्यांच्या कारखान्यात बसणं हे त्यांना कधीच पटलं नाही. आम्ही गावी गेलो की चारचौघांत विचारायचे, "काय बिरा, अजून तुणतुणीच घासतोयस न्हवं?" आण्णा हसून सोडून द्यायचे. पण तो टोला त्यांना लागायचा, हे त्या दिवशी मला कळलं. पंख सुटे करून, चादरीत गुंडाळून, एसटीच्या मागच्या बाकावर मांडीवर घेऊन त्यांनी ते विमान गावाजवळच्या दहिवडीपर्यंत नेलं. कंडक्टरनं टपावर टाकायला सांगितलं तर म्हणाले, "मला टपावर टाका, पर ह्येला न्हाई."

माळावर सकाळी वारा पडलेला होता. गावातली पोरं, चार-दोन म्हातारे, आणि खुर्ची मागवून बसलेले तात्या. पंख जोडून आण्णांनी तारा पुन्हा लावल्या, पुन्हा छेडून जुळवल्या. काकीनं विमानाच्या नाकाला हळदीकुंकू लावलं. मी मोबाईलवर समोरून एक फोटो काढला. त्यात विमानामागं उकिडवे बसलेले आण्णा आहेत, इस्त्रीच्या शर्टात, तोंडभर हसत. मग मी बॅटरी जोडली, रिमोट हातात घेतला आणि विमान सोडलं.

ते सुरेख उठलं. पोरं ओरडली. पण जमीन सुटताक्षणी ते डावीकडं ओढायला लागलं. रिमोटची काठी उजवीकडं दाबून धरली तरच सरळ जाई. मी तसंच वर नेलं, आणि मागून आण्णांचा आवाज ऐकू येत होता, "गेलं रं! गेलं बघ! तात्या, वर बघा की वर!" परत फिरवायचं म्हणून वळण घेतलं, तशी वेग कमी झालेल्या विमानाची डावी बाजू एकदम खचली. मी काठी पार उजवीकडं दाबली. काही उपयोग झाला नाही. विमान गिरक्या घेत खाली आलं आणि खडकावर आदळलं. आण्णा हात वर केलेले तसेच उभे होते.

पोरं तुकडे गोळा करायला धावली. तात्या उठले, खुर्चीची धूळ झटकली आणि म्हणाले, "फौजेत लय ईमानं बघितली आमी. अशी बोळक्यावानी पडत नसत्यात. कुणाचं चुकलं रं?"

"माझं," मी म्हणालो. "काठी उलटी फिरवली गेली."

आण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मग ते खाली वाकून केशरी फिल्मचे तुकडे पिशवीत भरायला लागले. "पोर हाय, चुकायचंच," एवढंच म्हणाले. काकीनं आग्रहानं वाढलेलं मटण त्या दुपारी त्यांनी अर्धं ताटात ठेवलं.

परतीच्या एसटीत मी तो फोटो मोठा करून पाहिला. समोरून काढलेला, त्यामुळं लपवायला जागा नव्हती. खालचा डावा पंख टोकाशी स्पष्ट पिळवटलेला दिसत होता. शेजारी आण्णा खिडकीला डोकं टेकून बसले होते. मी मोबाईल खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. सकाळी आण्णा ओट्यावर पेपर वाचत बसले होते, आई आत भाकऱ्या करत होती. मोबाईलवर सूर काढायचं एक ॲप मी उतरवून घेतलं होतं. कसाईपणाच होता तो, दुसरा शब्द नाही. आण्णांच्या शेजारी बसून, मोबाईलमध्ये डोकं घातल्याचं सोंग करून, मी एक बारीक सूर लावला आणि तो हळूहळू चढवत गेलो. माझ्या कानाला तो सोसेना. आण्णांनी पान उलटलं आणि खालची बातमी वाचायला घेतली.

आतून आई ओरडली, "आरं बंद कर की ते! कानात सुई घातल्यावानी हुतंय!"

आण्णांनी वर पाहिलं. "काय बंद कर म्हंतीस?"

आई दारात आली. पिठाचे हात तसेच. तिनं आण्णांकडं पाहिलं, माझ्या हातातल्या मोबाईलकडं पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. "नळ," ती म्हणाली. "नळ बंद कर म्हनलं." नळ चालू नव्हता. मी उठून मागच्या दारी गेलो आणि नळापाशी नुसताच उभा राहिलो.

आई मागून आली. "तुला आज कळलं. मला वरीस झालं." ती हळू आवाजात बोलत होती. "मोहरी तडतडल्याली कळंना झाली तवाच मी वळखलं. लग्नाआधी विट्याला यंत्रमागावर हुते धा वरीस, त्या खडखडाटानं खाल्लं. बोललेलं समदं ऐकू येतंय त्येंला, बारीक तेवढं न्हाई."

"मग जवारी कशी काढतात?"

"दातानं." मला कळेना. "सतारीला हनुवटी टेकवून बसत्यात ते बघितलं न्हाईस कवा? दात लावत्यात लाकडाला. हाडातनं कळतंय म्हंत्यात थोडं. न्हायतर हाताच्या सवयीनं."

मी ते शंभरदा पाहिलं होतं. सतारीवर हनुवटी टेकवून, डोळे मिटून बसलेले आण्णा. मला वाटायचं, कामावरची भक्ती. विमानाला भोपळा नाही, दांडी नाही. दात लावायला तिथं काही नव्हतं. मला तिथंच रडू आलं. आईनं पिठाच्या हातानं माझं मनगट धरलं. "तुला माझी शपथ हाय. चाचास्नी कळता कामा न्हाई. तुझं शिक्षान हुईस्तवर तरी. आन् त्येंला तर मुळीच कळू देऊ नगंस की आपल्याला ठावं हाय. मरत्याल ते."

मग आमच्या घरात एक विचित्र नाटक सुरू झालं. आण्णा आमच्यापासून लपवत होते, आम्ही त्यांच्यापासून, आणि सगळे मिळून हमीदचाचांपासून. मी कॉलेजातून आलो की उगीच कारखान्यात घुटमळायचो. आण्णांच्या हातून निघालेल्या सतारी कान देऊन ऐकायचो. काही चांगल्या असायच्या, सवयीचे हातच तसे होते. काही नसायच्या. त्या खरखरायच्या, आणि दोन दिवसांनी पाहावं तर त्या ठीक झालेल्या असायच्या. कुणी केल्या हे मी विचारलं नाही; रात्री उशिरा कारखान्यात चाचांचा दिवा तेवढा दिसायचा. विमानाचे तुकडे पिशवीतच राहिले. आण्णा कधी तरी म्हणायचे, "परत जोडू या की रं," आणि मी परीक्षेचं कारण सांगायचो. खरं तर मला त्यांच्याबरोबर पुन्हा त्या तारांपाशी बसायचं धाडस नव्हतं.

एका रविवारी त्याच डॉक्टरांची सतार तयार होत होती. दुपारी ते न्यायला येणार होते. आण्णांनी घोडी घासून संपवली आणि मला हाक मारली. हमीदचाचा समोरच गादीवर बसले होते, हात मांडीखाली दाबून. कंप दिसू नये म्हणून ते तसे बसत.

"ये हिकडं. ऐक," आण्णा म्हणाले. त्यांनी सतार सरळ धरली. हनुवटी टेकवली नाही. तार छेडली. "कशी हाय?"

सूर फाटला होता. कारखान्यात भोपळे कापणाऱ्यालाही कळलं असतं इतका. मला आईची शपथ आठवली, फळीवर ओळीनं ठेवलेली आण्णांची हत्यारं दिसली. मी म्हणालो, "चांगली हाय की, आण्णा."

आण्णांनी चाचांकडं पाहिलं. "हमीदभाई?"

चाचांनी तोंडातलं पान उगीच या गालातून त्या गालात घेतलं. "छान झालीय, बिरूभाऊ," ते म्हणाले. "असू द्या आता. डॉक्टर येतीलच."

आण्णांनी सतार हळूच गादीवर ठेवली. कानस पुसली. मग ती फडक्यात गुंडाळायला लागले, आणि गुंडाळता गुंडाळता, रागानं नव्हे, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "इतक्या वर्सांत तुमी माझी जवारी पयल्या खेपेला पास केली न्हाई, हमीदभाई. 'अजून येक हात मार' म्हनल्याबिगर कंची सतार सोडली न्हाई. भांडलो आपून त्येच्यावरनं. आज ह्यो बी चांगली म्हंतोय, तुमी बी चांगली म्हंताय." त्यांनी फडक्याची गाठ मारली. "कळलं मला."

"बिरूभाऊ, तसं नाही..." चाचा म्हणाले.

आण्णा माझ्याकडं वळले. "ईमानाच्या तारा जुळवल्या, तवा बी तुला कळलं हुतं न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो.

"मग पडू का दिलंस रं?"

त्यांनी उत्तराची वाटही पाहिली नाही. कानशीचं गाठोडं चाचांच्या पुढ्यात ठेवून ते उठले, बाहेर अंगणात गेले आणि भोपळे कापणाऱ्यांच्या ओळीत जागा करून बसले. हमीदचाचांनी मांडीखालचे हात काढले, थरथरत्या बोटांनी ती सतार स्वतःकडं ओढून घेतली, आणि माझ्यादेखत लहान पोरासारखे रडायला लागले.